माझ्यावर झोपलं की दुखणं पळायचं

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे, पण घरातला नव्हे. माझ्यावर कुणी कधी रात्रभर घोरलं नाही. मी तपासणीचा पलंग. मालाडला मार्वे रोडच्या आतल्या गल्लीत एक सोनोग्राफी सेंटर आहे, तिथे मी माझं आयुष्य काढलं. आता मागच्या जिन्याखाली पडलोय. अंगावर रिकामे खोके, एक बंद पडलेला पंखा आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. असो! रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला तुम्हाला एका बाईबद्दल सांगायचंय. तिला लेक हवी होती आणि ती हुकली. हुकायचं काही कारण नव्हतं, म्हणून तर अजून जिवाला लागून राहिलंय.

माझा जन्म मुलुंडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. अंबादास नावाच्या वेल्डरने मला जोडलं. लोखंडी पाइप, वर प्लाय, त्यावर फोम आणि त्यावर हिरवंगार रेक्झिन. काम झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला, पाठ ताणली आणि म्हणाला, "झकास! उठावंसंच वाटत नाही." मित्रांनो, त्या दिवसापासून मला जी घमेंड चढली, ती चढलीच.

आणि का चढू नये? सेंटरमध्ये येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असायचा. कुणाला मुतखडा, कुणाचं लिव्हर सुजलेलं, कुणी पहिलटकरीण. पोटभर पाणी पिऊन, तोंड वाकडं करून आत यायचे. माझ्यावर टेकले की निम्मे तरी सैल पडायचे. इथली आया मीरा मावशी सगळ्यांना सांगायची, "झोपा हो वर, बरं वाटेल." मला वाटायचं, ही माझीच जाहिरात करतेय.

कल्पिता पहिल्यांदा आली ती जूनमध्ये. मनोरीची कोळीण, तिशी नुकती ओलांडलेली. होडीने मार्व्याला उतरायची आणि तिथून बसने मालाडच्या मासळी बाजारात. तिची जागा बाजाराच्या अगदी तोंडाशी होती. तिथे बसायला ओटा नाही. टेबल मांडायचं, बर्फ पसरायचा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभ्याने मासळी विकायची, उभ्यानेच कापायची. ही जागा तिच्या सासूची, सरूबाईची. सरूबाईला ती तिच्या सासूकडून मिळालेली.

"आमच्यात बाजारातली जागा बायकांकडून बायकांकडे जाते," कल्पिता मीरा मावशीला सांगत होती. "मला दोन पोरगे. ते जातील बोटीवर. माझ्या बाजूला कोण उभं राहील? एक पोरगी पाहिजे हो, मावशी. नाव पण ठरवून ठेवलंय, पण सांगणार नाय, नजर लागते."

तिचं दुखणं असं : धाकटा झाल्यापासून ओटीपोटात जड वाटायचं, खाली कुणी ओढतंय असं. दुपार कलली की कंबर जायची. पाळीच्या आधी तर विचारूच नका. अशा अंगाने पुन्हा दिवस कसे काढायचे, ही तिची भीती. आधी हे दुखणं काय ते कळू दे, मग लेकीचं बघू, असं तिचं चाललेलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं. माणूस भला, पण कायम घाईत. "गर्भाशय छान आहे. अंडाशय छान. खडा नाही, गाठ नाही. आत्ता दुखतंय का?"

"आत्ता नाय, साहेब. घरी बसल्यापासून कमीच आहे. आणि हितं झोपल्यावर तर कायच नाय."

"मग चांगलंच की!"

आणि मी खुळा, हिरव्या रेक्झिनच्या आत फुलून गेलो. बघा, माझ्यावर झोपली आणि दुखणं पळालं!

आता ती जूनमध्येच का आली, ते ऐका. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते. तिला सगळे बंदी म्हणतात. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि बायकांना बाजारातून जरा सुटका मिळते. मग वर्षभर अंगावर काढलेली सगळी दुखणी त्या दोन महिन्यांत निघतात. दात काढायचा तो बंदीत, चष्मा करायचा तो बंदीत. ऐन हंगामात टेबल सोडून दवाखान्यात कोण जाणार? कल्पिताही तशीच. पुढच्या वर्षी पुन्हा बंदीत आली, त्याच्या पुढच्या वर्षीही आली. "आली गं बाई कल्पिता, म्हणजे बंदी लागली," असं मीरा मावशी थट्टेने म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. एवढं रोखठोक समोर असून एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

घरात हळूहळू कुरबुर सुरू झाली. नवरा चंदर वाईट नव्हता, पण तो म्हणायला लागला, "डॉक्टरच्या मशीनला काय दिसत नाय, मग तुला कुठून दुखतंय?" सरूबाई एकदा सोबत आली होती. बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आमी पण उभ्या राहिलो गो, जन्म गेला उभ्याने. आमचं काय झालं?" कल्पिता माझ्यावर चढली, डोळ्यांवर हात घेतला. रेक्झिनवर टपटप पाणी पडलं ते मला तेवढं कळलं.

मग एका इस्पितळात तिला सांगण्यात आलं, की एवढी वर्षं दुखतंय, गोळ्यांनी भागत नाही, दोन मुलं आहेत, तर पिशवी काढून टाका. पिशवी म्हणजे गर्भाशय, मित्रांनो. बाळ जिथे वाढतं ती जागा. ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीला ती माझ्यावर झोपली तेव्हा मीरा मावशीचा हात तिने सोडलाच नाही.

"एक तर पोरगी नाय तर उभं राहायचं, दोन्ही मिळणार नाय म्हणतात. पोरगी झाली आणि मलाच बाजारात उभं राहता आलं नाय, तर तिला धंदा कोण शिकवेल, मावशी?"

मावशीने तिच्या कपाळावरून हात फिरवला. मला उत्तर सुचलं असतं तरी माझं कोण ऐकणार!

ऑपरेशन अर्थातच बंदी लागल्या लागल्या झालं, म्हणजे विश्रांती मिळावी. मिळालीही. जुलैच्या शेवटी कल्पिता पेढे घेऊन आली. चेहरा उजळलेला, दुखणं साफ गायब. सरूबाई खुशीत, मोठे डॉक्टर खुशीत. लेकीचं तिने स्वतःला समजावलं होतं. "नशिबात नव्हती," एवढंच म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या, बाजार भरला. आणि थंडीच्या दिवसांत, एका संध्याकाळी, ती आली. ऐन हंगामात! थेट बाजारातून, पदराला खवले चिकटलेले, एक हात कमरेवर. बाकावरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. तिला त्याची शुद्धच नव्हती. मागून सरूबाई, पार घाबरलेली.

त्या दिवशी मोठे डॉक्टर नव्हते. नव्याने लागलेल्या डॉक्टर नमिता होत्या. कल्पिता सवयीने माझ्याकडे वळली.

"थांबा," नमिता म्हणाल्या. "कधी दुखतं?"

"उभं राहिलं की. झोपलं की जातं."

"मग झोपू नका. अशाच उभ्या राहा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू! माझ्या उभ्या आयुष्यात कुणी असा माझा अपमान केला नव्हता. कल्पिता माझी कड धरून उभी राहिली. नमितांनी पोटावर यंत्र लावलं, कुंथल्यासारखं जोर लावायला सांगितलं. पडद्यावर फुगलेल्या, वळ्या पडलेल्या शिरा दिसायला लागल्या.

"मांडीवर अशा शिरा आहेत का कुठे?"

"हायेत. धाकट्याच्या वेळी आल्या. लाजेने कुणाला दाखवल्या नाय."

नमितांनी तिला समजावून सांगितलं. रक्त खालून वर जाताना परत फिरू नये म्हणून शिरेच्या आत झडपा असतात. बाळंतपणात शिरा ताणल्या गेल्या की कधीकधी झडपा सैल पडतात. मग उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, ओटीपोटात साचतं आणि शिरा फुगतात. पायांवर व्हेरिकोज व्हेन्स होतात तोच हा प्रकार, फक्त पोटाच्या आत. आडवं झालं की रक्त ओसरतं आणि कुणाला काही दिसत नाही.

"म्हणजे भरती बघायची होती आणि आमी ओहोटीला येत होतो," कल्पिता म्हणाली.

"हो. पण यावर उपाय आहे. आणखी एक तपासणी करून खात्री करू. मग मांडीतून नाहीतर मानेतून बारीक नळी घालतात आणि बिघडलेली शीर आतून बंद करतात. मोठी चिरफाड नाही. तोवर एका जागी तासन्‌तास उभं राहायचं नाही. मधे बसायचं, थोडं चालायचं, घरी पाय उंचावर ठेवून पडायचं. पोट साफ राहू द्यायचं."

कल्पिताने सगळं नीट ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मग डॉक्टर, माझी पिशवी?"

नमितांना गोड खोटं बोलता आलं असतं. "त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं असेल. पण हे दुखणं पिशवीचं नव्हतं."

"म्हणजे माझी पोरगी झाली असती."

सरूबाई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तपासणी संपली होती, तरी कल्पिता माझ्यावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. बाहेर लोक खोळंबले होते. तिला उठ म्हणायला मीरा मावशी गेली नाही, नमिताही गेल्या नाहीत. दुखणं नेहमीसारखं ओसरलं असेल. पण त्या दिवशी मला माझी जराही घमेंड वाटली नाही.

पुढे तिच्यावर नळीचे उपचार झाले. दुखणं पुष्कळ कमी झालं. आता ती बाजारात उंच स्टुलावर बसते, अधूनमधून उठून फेरी मारते. स्टूल सरूबाईनेच आणलं म्हणतात. माझं रेक्झिन फाटलं आणि माझ्या जागी नवा पलंग आला. बटण दाबलं की तो माणसासकट उभा होतो. त्याचा मला हेवा वाटत नाही. तो आधी यायला हवा होता, एवढंच वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात आई आहे, मावशी आहे, ताई आहे. त्यांना सवड मिळेपर्यंत थांबू नका. ज्या दिवशी त्यांच्यातली एखादी कमरेला हात लावून ओट्याशी उभी दिसेल, त्याच दिवशी, त्याच वेळी तिला डॉक्टरकडे न्या. आणि तिथे कुणी "झोपा" म्हणालं, तर न घाबरता सांगा, "झोपल्यावर हिला दुखत नाही हो. हिला उभी असताना बघा."