झोपायची खोली कुठली

घर घ्यायचं तर ते वेगवेगळ्या वेळी बघावं, असं नणंदेने बजावलं होतं. ऊन कुठून येतं, नळाला जोर किती, भिंतीला ओल आहे का, शेजारी कसे आहेत. तिची दोन घरं घेऊन झाल्यामुळे तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आम्हाला ते सोयीचंच पडलं. मी इस्पितळात रात्रपाळीची नर्स, नवरा बसचा ड्रायव्हर. तो पहाटे निघतो, मी सकाळी येऊन पडते. संध्याकाळी मी निघाले की तो येतो. शेजारीण म्हणते, तुमची गादी काही गार पडत नाही बाई. म्हणून हे घर तो दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे बघून आला आणि मी कामावर जाता जाता. "शांत आहे," तो फोनवर म्हणाला. मीही तेच म्हणाले. एवढं एकमत आमच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

बयाणा द्यायच्या दिवशी मात्र दोघांनी रजा टाकली. दलालाला आम्ही चावीवाला म्हणतो, कारण तो बोलताना सतत जुडगा वाजवतो. त्याने दार उघडलं आणि मला काय झालं कोण जाणे, पाय एका जागी ठरेनात. नळ सोडला, बंद केला, परत सोडला. भिंती ठोकून बघितल्या. नवरा दिव्याची बटणं उगाच खालीवर करत होता. स्वयंपाकघराच्या दारात आमची टक्कर झाली आणि मी त्याच्यावर खेकसले, "बघून चाल ना!" एका दारातून दोघांनी एकदम जायची आम्हाला सवयच राहिली नव्हती.

"मग झोपायची खोली कुठली करताय?" चावीवाल्याने विचारलं. "पंख्याचं कनेक्शन मालकाकडूनच काढून घेऊ."

"मागची," मी म्हणाले.

"पुढची," नवरा म्हणाला. दोघं एकदमच.

"अगं, मागची अंधारी आहे."

"अंधारीच हवी. दिवसा डोळ्यावर ऊन आलं की माझ्या झोपेचं खोबरं होतं."

"आणि मागच्या अंधारात मला पहाटे जाग कशी येणार?"

चावीवाला खो खो हसला. "अहो ताई, दोन खोल्या आहेत की! एक तुमची, एक साहेबांची. मिटला वाद!"

वाद खरंच मिटला. मागच्या खोलीत मी मनातल्या मनात पलंग केव्हाच टाकला होता. भिंतीला लावून, कपाटाला जागा राहावी म्हणून अरुंदच.

"तू पलंग केवढा धरला होतास?" मी नवऱ्याला विचारलं.

त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले. मधे एक माणूस कसाबसा मावला असता. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण हात तसेच राहिले आणि मग त्याने ते खिशात घातले. मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली. हे घर घेतलं असतं तर आम्ही सुखात राहिलो असतो, एकमेकांची झोप न मोडता, मरेपर्यंत.

"भाऊ, एका खोलीचं काही आहे का?" मी चावीवाल्याला विचारलं.

जुडगा वाजायचा थांबला. "पैशाची अडचण आहे का ताई? मालकाशी बोलतो मी."

"पैशाची नाही. मी दिवसपाळी मागून घेणार आहे." हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

नवऱ्याने खिशातले हात बाहेर काढले. मग ओशाळून म्हणाला, "बघ हं. मी घोरतो हल्ली."

"तू? कधीपासून?"

"काय माहीत. डेपोत दुपारी जरा पाठ टेकतो ना, तिथे आमचा कंडक्टर सांगत होता."