खारूताईचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. अक्षरे टंकायचा नव्हे, सूर वाजवायचा. माझ्या एका कोपऱ्याचे प्लास्टिक उडाले आहे आणि आवाज लहानमोठा करायचे बटण फिरवले की खरखरते. तरीही माझी गोष्ट ऐकायला थोडा वेळ थांबा. ती जितकी माझी आहे, तितकीच एका हाताची आहे.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक दालनात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका माझ्या पट्ट्या एकेक करून बसवत होत्या. प्रत्येक पट्टीखाली त्यांनी दोन छोटे रबरी ठिपके ठेवले. बोट पट्टीवर पडले की आधी एक ठिपका टेकतो, मग दुसरा. त्या दोघांमध्ये किती वेळ गेला यावरून मला कळते, बोट जोरात आले की हळू, रागात आले की लाडात. एका पोक्त बाईने शेवटी मला खालपासून वरपर्यंत वाजवून पाहिले, मान हलवली आणि खोक्यात बंद केले. आपले काम काय, हे मला तेव्हाच समजले होते. बोट जे सांगेल ते जसेच्या तसे बोलायचे. आपल्या मनचे काही घालायचे नाही.

पहिली काही वर्षे मी एका वाद्यवृंदात काढली. वाजवणाऱ्याला सगळे दादा म्हणत. समारंभांच्या हॉलमध्ये, गच्च्यांवर, एकदा तर उभ्या ट्रकवर आम्ही वाजवले. माझ्यावर सरबत सांडले, घाम गळला, पण लोक नाचायचे आणि मला आपण कोणीतरी मोठे असल्यासारखे वाटायचे. मग दादाला जहाजावर नोकरी लागली. जाण्याआधी तो मला पाठीवर टाकून धाकट्या बहिणीच्या घरी, तीन जिने चढून आला. "हा आता तुझा," एवढेच म्हणाला. लहानपणी ही बहीण गालात खाऊ साठवून घरभर पळायची, म्हणून त्याने तिचे नाव खारूताई ठेवले होते. मीही तिला तेच म्हणत आलो आहे.

खारूताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दर्शनी भागात नव्हे, मागच्या खोलीत. फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, उजेडात धरून पाहायच्या. दिवसभर हातांची दोन्ही कोपरे टेबलाच्या कडेवर टेकलेली. घरी नवरा होता, बसच्या आगारात मेकॅनिक. सासूबाई होत्या. त्यांना कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे. खारूताई वाजवायला बसली की त्या शेजारी खुर्ची ओढून तळहात माझ्याखालच्या टेबलावर ठेवायच्या. माझे खर्जाचे सूर लाकडातून त्यांच्या हातात चढत. "आज टेबल छान बोलतंय हं," त्या म्हणायच्या.

एक दिवस खारूताईला फोनवर एक मंडळ सापडले. नाव होते 'शनिवारची सुरावट'. एकमेकांना कधीही न भेटलेली, दूरदूरची माणसे. दर सोमवारी त्यांच्यातला कोणीतरी एक विषय द्यायचा, आणि शनिवारपर्यंत प्रत्येकाने त्यावर छोटीशी चाल रचून पाठवायची. बक्षीस नाही, क्रमांक नाही. अट एकच, की सगळ्यांच्या चाली ऐकायच्या आणि प्रत्येकाला दोन शब्द लिहायचे. खरी नावे कोणी सांगत नसे. एकजण 'आळशी मांजर' होता. एक निवृत्त पोस्टमन माउथ ऑर्गन वाजवायचे, ते 'टपालमामा'. आमची अर्थातच 'खारूताई'.

पहिला विषय होता 'बंद पडलेली लिफ्ट'. तिने डाव्या हाताने खर्जाचे दोन सूर धरून ठेवले, जड, अडकलेले, आणि उजव्या हाताने वर चुळबुळ करणारी माणसे वाजवली. कोणी घड्याळ बघतेय, कोणी उगाच बटण दाबतेय. मी इतक्या लग्नांत वाजलो, पण असे काही कधी बोललो नव्हतो. टपालमामांनी लिहिले, 'गुदमरलो. शेवटी दार उघडलंत म्हणून वाचलो.' तिने ते वाचून दाखवले तेव्हा नवरा जेवता जेवता हसला. पुढे 'ओला टॉवेल' आला, 'दाराबाहेरच्या चपला' आल्या. शनिवार कधी येतो याची ती वाट पाहायची. आणि खरे सांगायचे तर मीही.

मग तिची करंगळी उशिरा येऊ लागली.

डाव्या हाताची करंगळी, आणि नंतर तिच्या शेजारचे बोट. आधी मला वाटले, दमली असेल. पण पट्टीखालचे माझे दोन ठिपके खोटे बोलत नाहीत. आज थोडे हळू, पुढच्या आठवड्यात आणखी हळू. ती हात झटकायची, मांडीवर चोळायची. मुंग्या आल्या म्हणायची. मी आतून ओरडत होतो, मित्रांनो, पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे? बोट हळू आले की मला हळूच बोलावे लागते.

तिला वाटले, बिघाड माझ्यात आहे. नवऱ्याने रविवारी मला टेबलावर उलटे घातले, स्क्रू काढले, ठिपके कापसाने पुसले. मग आपल्या जाड बोटाने एकेक खर्जाची पट्टी दाबून पाहिली. सगळ्या दणकून वाजल्या.

"ठणठणीत आहे की," तो म्हणाला.

"मग माझ्याच वेळी का रुसतो?"

"सराव कमी पडतोय तुझा." तो सहज म्हणाला आणि स्क्रू पिळू लागला.

त्यानंतर तिने युक्ती काढली. खर्ज टाळायचा. डाव्या हाताला दोनच बोटांचे काम द्यायचे. हळूहळू तेही कमी करायचे. तिच्या चाली विरळ होत गेल्या, जणू घरातले एकेक सामान कोणी बाहेर नेत होते. आणि गंमत पाहा, लोकांना ते फार आवडले. 'किती मोकळं!' 'खारूताईची नवी शैली!' आळशी मांजराने लिहिले, 'कमी सुरांत किती सांगतेस.' टपालमामांनीसुद्धा वाहवा केली. ती ते मोठ्याने वाचायची, नवरा खूश व्हायचा. वाचून झाले की ती डावा हात ओच्यात घ्यायची आणि उजव्याने झाकायची.

सासूबाई एकदा म्हणाल्या, की हल्ली टेबल मुकेच असते. त्यांचे काय मनावर घ्यायचे, असे सगळ्यांना वाटले.

दुकानात तिच्या हातून काचा निसटू लागल्या. एका काचेचा टवका उडाला तेव्हा मालकाने गिऱ्हाइकांदेखत सुनावले. घरी ती बटणांचे कपडे घालेनाशी झाली. बरणीचे झाकण नवऱ्याकडे सरकवायची आणि घट्टच बसलेय म्हणायची. विचारले तर थंडीचे नाव पुढे करायची. थंडी केव्हाच सरली होती.

तिचे वाजवणे मंदावलेले पाहून नवऱ्याने वाढदिवसाला नवा कीबोर्ड आणला. काळाभोर, चकचकीत. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले; चादरीच्या फटीतून तेवढी खालची खोली दिसायची. अडगळ म्हणजे काय ते तिथे कळले. धूळ एवढी बोचत नाही. खाली कोणीतरी दुसरा वाजतो आहे हे बोचते. पण पहिल्याच दिवशी तिने नव्यावर खर्ज धरला आणि तोही तितकाच बारीक आला. माझ्यावरचा आळ टळला. मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. दोष वाद्याचा नव्हता, हे आता तिलाही कळले होते आणि तिने ते कोणालाही सांगितले नाही.

एका रविवारी दुपारी नवरा आगारात होता, सासूबाईंचा डोळा लागला होता. फोनवर टपालमामांचा आवाज आला. लिहिले नव्हते, बोलून पाठवले होते. म्हातारा, सावकाश आवाज, मध्ये खोकला.

"खारूताई, चारचौघांत लिहायचं नव्हतं, म्हणून बोलतोय. तुमच्या सगळ्या चाली मी आज ओळीनं ऐकल्या, लिफ्टपासून. तुमचा डावा हात हळूहळू निघून चाललाय, ताई. आम्ही त्याला शैली म्हणतोय. मीही म्हणालो. माझ्या बायकोचा हात असाच गेला, आणि घरात आम्ही सगळे तिला कामचुकार म्हणत राहिलो. चुकत असेन तर मला खुशाल रागवा. पण एकदा कुणाला तरी दाखवून या."

तिने ते पुन्हा ऐकले. मग फोन पालथा घातला. मला वाटले, आता ती रडेल. पण ती चिडली. कोण कुठला माणूस, आपल्याला न विचारता आपला हात तपासतो. तिने उत्तर दिले नाही. मंडळातून बाहेर पडली. नव्या कीबोर्डवर कापड टाकले आणि त्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवू लागली.

शनिवार येत राहिले. घरात कोणी वाजवत नव्हते. आळशी मांजराने फोनवर विचारपूस केली, तर तिने कामाचे निमित्त सांगितले. टपालमामांचा पुन्हा काही निरोप आला नाही. निरोप न येणेच सगळ्यात वाईट होते, असे मला वाटते. त्यांना रागवायलाही तिच्याकडे काही उरले नाही.

एका सकाळी ती सासूबाईंना चहा नेत होती. दोन्ही हातांत कप. डाव्या हातातला कप नुसता सुटला. तिला कळलेही नाही, तो फुटल्याचा आवाज आला तेव्हा कळले. उकळता चहा सासूबाईंच्या पायापासून वीतभर अंतरावर पसरला. नवरा धावला. भाजले का पाहायला त्याने बायकोचा हात उजेडात ओढला आणि तसाच धरून राहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मधे जिथे मांस असते, तिथे खळगा पडला होता. दिवसभर यंत्रे हाताळणारा माणूस तो. बायकोचा हात त्याने किती दिवसांत पाहिला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"हे कधीपासून?"

तिने फोन घेतला आणि टपालमामांचा तो निरोप त्याला ऐकवला. 'कामचुकार' हा शब्द आला तेव्हा तो खाली वाकून फुटक्या कपाचे तुकडे वेचू लागला.

त्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. कोपरातून जाणारी नस दबली होती. वर्षानुवर्षे कोपर टेबलाच्या कडेवर टेकून दबली होती. शस्त्रक्रिया करावी लागेल, डॉक्टर म्हणाल्या. त्याने पुढचे नुकसान थांबेल. गेलेली ताकद किती परत येईल, याचा शब्द त्या देऊ शकत नव्हत्या. लवकर आला असतात तर बरे झाले असते, असे त्या म्हणाल्या, तेव्हा नवरा खिडकीबाहेर पाहत राहिला. हे सगळे खारूताईने घरी सासूबाईंना कागदावर लिहून दाखवले, तेव्हा मी कपाटावरून ऐकले, कारण लिहिता लिहिता ती स्वतःशीच पुटपुटत होती.

शस्त्रक्रिया झाली. कोपरावर लांब व्रण राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, की बोटांना हलके काम द्या. नव्या कीबोर्डच्या पट्ट्या कडक होत्या, आणि मी वापरून वापरून मऊ झालो होतो. नवऱ्याने मला खाली उतरवले, चादर सोडली, ओल्या फडक्याने पुसले. दुकानात मालकाने तिला मागच्या खोलीतून पुढे गिऱ्हाइकांपाशी बसवले. ते काम तिला आवडत नाही. काचा तिला आवडायच्या.

काही महिन्यांनी ती मंडळात परतली. त्या आठवड्याचा विषय होता 'रिकामी खुर्ची'. तिने चाल रचली आणि खर्जातला एक सूर मुद्दाम करंगळीला दिला. तो कधी वाजायचा, कधी पट्टी नुसतीच खाली जायची. नवरा शेजारी बसला होता. न राहवून म्हणाला, "तेवढा सूर मी दाबू का?"

"नको," ती म्हणाली. "तिथं माझं बोट आहे. वाजलं नाही तरी ते तिथं आहे."

तशीच चाल तिने पाठवली, मधल्या रिकाम्या जागांसकट. टपालमामांना वेगळा निरोप पाठवला. फार रागावले होते, आता दाखवून आले, उशीर झाला, पण तुम्ही बोललात म्हणून हात एवढा तरी राहिला. उत्तरात ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी माउथ ऑर्गनवर खालचा एकच सूर धरला आणि श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. तिने डोळे पुसले. तेही डाव्या हाताने.

मित्रांनो, आम्हा वाद्यांची निगा राखा, पुसून ठेवा, कपाटावर टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या माणसांपैकी कोणाचा सूर बारीक होऊ लागला, कोणी एकाएकी कमी बोलू, कमी हसू, कमी वाजवू लागले, तर नुसती वाहवा करू नका, आणि आळशी म्हणून हिणवू तर मुळीच नका. जवळ जा. हात हातात घेऊन पाहा. विचारल्याचा राग आला तर येऊ द्या. मला सगळे कळत होते आणि बोलता येत नव्हते. तुम्हाला बोलता येते.

आज सकाळी ती पुन्हा बसली होती. करंगळी माझ्या शेवटच्या पट्टीवर आली, पट्टी खाली गेली, आवाज आला नाही. तिने बोट उचलले आणि पुन्हा ठेवले.