पानाचा कोपरा

१९९६ साली न्हावा शेवा बंदराच्या ऑफिसातून दिनानाथ निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना डिफेनबॅकियाची कुंडी दिली. मोठाली हिरवी पानं, त्यांवर पांढरे शिंतोडे. नेरुळच्या बाल्कनीत ते रोज एकेक पान ओल्या फडक्याने पुसत.

"माझा चष्मा कधी असा पुसून दिला नाहीत," त्यांची बायको जयमाला म्हणायची.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मांजर आलं. सारसोळ्याच्या विमलबाई मासे विकायला दारात आल्या की पाटीमागून एक पिल्लू यायचं. एके दिवशी ते परत गेलंच नाही.

"ऱ्हाऊ द्या, तुमाला सोबत हाय," विमलबाई म्हणाल्या.

जयमालाने मांजरीचं नाव छोट्या माशावरून मांदेली ठेवलं. दिनानाथ मात्र तिला नुसतं "ए" म्हणत.

एका दुपारी मांदेली पंजाने तोंड घासत घरभर धावू लागली. लाळ गळत होती, ओठ सुजले होते. बाल्कनीत डिफेनबॅकियाचं एक पान कुरतडलेलं दिसलं.

"या झाडानेच झालंय," जयमाला म्हणाली.

"माझ्या झाडाने? काहीतरीच!" दिनानाथांनी त्याच पानाचा कोपरा तोडला आणि दाताखाली धरला.

मिनिटभरात त्यांचे डोळे भरून आले. कच्चं अळू खाल्ल्यासारखी आग, त्याच्या दसपट. जीभ तोंडात मावेना. जयमालाने दोघांचीही तोंडं थंड पाण्याने धुतली, मांदेलीला भाजीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षा थांबवली.

वाशीला जनावरांच्या डॉक्टर चारुलता होत्या. जयमालाने त्यांना पानाचं सांगितलं. त्यांनी आधी मांजरीकडे पाहिलं, मग दिनानाथांकडे.

"दोघांनी खाल्लंय?"

दिनानाथांनी मान डोलावली.

"काका, शेजारी माणसांचा दवाखाना आहे. तिकडे जा बघू आधी."

"आदी इचं," दिनानाथ कसेबसे म्हणाले आणि टेबलाजवळून हलले नाहीत.

मांदेलीला इंजेक्शन देऊन डॉक्टर म्हणाल्या, "पानात सुयांसारखे बारीक कण असतात, ते टोचतात. होईल बरी. घरात लिली आहे का?"

"आहे. प्रदर्शनातून कंद आणला होता मी. कालच फुललीय," जयमाला म्हणाली.

"ती आजच हलवा. लिलीने मांजरीच्या किडन्या जातात. कण्हेरही नको."

दोन वर्षं वाट पाहून आलेलं फूल होतं ते. घरी आल्यावर जयमालाने स्वतःच लिली उचलली, दिनानाथांनी आपली कुंडी, आणि दोन्ही वरच्या मजल्यावरच्या शेजारीण अस्मिताकडे पोचवल्या.

संध्याकाळी जयमालाने दोघांपुढे गार दहीभात ठेवला. मांदेलीने आपला संपवला आणि दिनानाथांच्या वाटीत तोंड घातलं. त्यांनी वाटी हळूच तिच्याकडे सरकवली.