पाहुण्यांचा ब्रश

दक्षताचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. कॅमेरा गेटकडे, आणि डोळे सारखे मागे, सतरंजीवर बसलेल्या आपल्या पोरीकडे.

डोंबिवलीच्या कलामहोत्सवात मुलांची चित्रकला कार्यशाळा होती. तिचे फोटो काढायचं काम दक्षताला मिळालेलं, आणि घरी ठेवायला कोणी नाही म्हणून संचितालाही सोबत आणलेली. संचिताचा धाकूआजा, खाडीत जाळं टाकणारा, गणपतीनंतर गेला. तेव्हापासून या पोरीने रंगांना हात लावला नव्हता. दक्षता रागावली, गोडीत बोलली, देवाला साकडं घातलं. छे! आणि आज कार्टीने आपणहून कागद पुढे ओढला. होडी काढली, होडीत टोपीवाला माणूस. आजाच तो, दुसरा कोण? दक्षताला भरून आलं. धावत जाऊन जवळून बघावं असं वाटत होतं, पण आपण गेलो आणि ती थांबली तर? म्हणून ती लांबच घुटमळत राहिली.

इकडे पाहुण्यांचा पत्ता नाही. आयोजक जयेशदादा सारखे येऊन डोकं खात होते. "मॅडम, साहेब पहिला ब्रश फिरवतात तो फोटो पाहिजेच हां! बॅनरवर टाकायचाय."

आता पहिला ब्रश कसला डोंबलाचा! पोरांची चित्रं होत आलेली. रंग समोर ठेवून पोरं साहेबांसाठी थांबतात होय?

आले एकदाचे साहेब. शाल झाली, नारळ झाला, आणि लगेच "चला चला, कुठे काढू?" सुरू. कोरा कागद कोणाला सापडेना. जयेशदादांनी जवळचा एक कागद, तो धरलेल्या पोरासकट, साहेबांपुढे ओढला. भोवती ही गर्दी. दक्षताच्या चौकटीत फक्त साहेबांचं हसू आणि लाल रंगात बुडवलेला ब्रश. साहेबांनी ब्रश फिरवला, पण क्लिक करणार तोच मध्ये कोणाचं तरी कोपर आलं.

"सर, परत एकदा! जरा मोठा फटकारा मारा. मुलांनो, कोणी हलू नका!"

रोजचंच बोलणं तिचं. साहेबांनी दणदणीत फटकारा मारला. फोटो आला, टाळ्या पडल्या, आणि साहेब शहाडच्या कार्यक्रमाला पळालेसुद्धा.

दक्षताने स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. होडी. टोपी. टोपीखालच्या तोंडावर लाल रंगाचे दोन जाड पट्टे, एकावर एक. कागदाचा कोपरा घट्ट धरून, दात दाखवत, संचिता.

ती गर्दी ढकलत धावली. संचिता रंगांच्या डब्या बंद करत होती.

"अगं, साहेबांना अडवलं का नाहीस? कागद ओढून का नाही घेतलास? ओरडायचंस तरी!"

संचिताने मान वर केली. "तूच म्हणालीस ना आई, हलू नका."