पालथं उखळ

गुरुवारी सकाळी कोमिशने जवाचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा मडक्यात उरलं होतं ते जेमतेम दोन भाकऱ्यांचं. सूत कातून पोट भरणाऱ्या या विधवेच्या घरात तोंडं मात्र तीन: ती स्वतः, आणि मेलेल्या बहिणीच्या दोन मुली, नऊ वर्षांची मादुख्त आणि सहाची दादाई.

बाप होता की! फरात नदीच्या कालव्यापलीकडे खजुराची दारू गाळणारा, धट्टाकट्टा गनीवा. दुसरी बायको घरात येताच त्याने मुलींना मावशीच्या दारात आणून सोडलं होतं. त्यानंतर मूठभर जव पाठवायचीही त्याने तसदी घेतली नव्हती.

कोमिशने भाकऱ्या मुलींना वाढल्या आणि स्वतः उपाशीपोटी दोघींना घेऊन न्यायसभा गाठली. गनीवाला बोलावणं गेलं. तो दाढीला तिळाचं तेल चोपडून आला, आणि शास्त्रही आपल्याच भट्टीत गाळलं जातं अशा तोऱ्यात बोलू लागला.

"पंडितजी, बाप मेल्यावर त्याच्या मालमत्तेतून मुलींना पोसायचं, असा कायदा. मी मेलोय का? जिवंत बापावर पोरींच्या भाकरीची सक्ती नाही. बरोबर ना?"

"बरोबर," पंडित ओशाळून म्हणाले. "पण लहान लेकरांना पोसावं, अशी थोरांची शिकवण आहे..."

"शिकवण म्हणजे सक्ती नव्हे!"

"दाजी, जनाची नाही तर मनाची तरी?" कोमिश म्हणाली. "काल धाकटी शेजारणीच्या कोंबड्यांपुढचे दाणे वेचत होती."

"मग शेजारणीला सांग, दाणे जपून टाक म्हणावं."

सक्ती हाती नव्हती, तेव्हा पंडितांनी जे हाती होतं ते केलं. चौकात एक उखळ पालथं घालायला लावलं. असल्या बापाने त्यावर उभं राहून स्वतःच्या तोंडाने स्वतःची लाज सांगायची, अशी इकडची रीत. दारूवर ज्याचं उखळ पांढरं झालं होतं, तो त्या पालथ्या उखळावर हसत हसत चढला. त्याला पळवाट ठाऊक होती. स्वतःविषयी वाईट बोलायचं तर इकडे कुणी 'मी' म्हणत नाही, अशुभ म्हणून 'तो माणूस' म्हणतात.

"ऐका हो!" गनीवा ओरडला. "तो माणूस आपल्या पोरींना खायला घालत नाही! भारी नीच बरं का, तो माणूस!"

लोक फिदीफिदी हसले. त्याची दारू फुकट पिणारे सगळ्यांत मोठ्याने हसले. भुकेलं मूल म्हणजे या नामर्दांना तमाशाच वाटत होता.

दादाईला त्यातलं जेवढं कळायचं तेवढंच कळलं.

"मावशी, तो माणूस मेला की आम्हाला भाकरी मिळेल?"

कोमिशने तिला जवळ ओढलं. मग पोरीने मान वर करून उखळावरच्या बापालाच विचारलं, "बाबा, तो माणूस कधी मरणार?"

हसू जागच्या जागी थांबलं. गनीवा धडपडत खाली उतरला. कुणी हात दिला नाही.

"शिकव! पोरींना बापाचं मरण मागायला शिकव!" तो कोमिशवर खेकसला.

"मी कशाला शिकवू, दाजी? तुमच्या कायद्यानेच शिकवलंय." ती पंडितांकडे वळली. "उखळं कसली पालथी घालता, पंडितजी? तो कायदा पालथा घाला."

कोमिशने दोघी मुलींना उचलून त्या उखळावर बसवलं.

"बसा गं. तुमच्या भाकरीचं ठरेपर्यंत उठायचं नाही."