हातातलं विष

इमारतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक भिंतीला टेकून उभे राहिले. पुढे टेबलावर काचेचं मोठं भांडं होतं, त्यात निळंशार पाणी. भांड्यामागे पांढऱ्या सैल कपड्यांत निर्मळदादा उभे होते आणि प्रत्येक वाक्य मधात बुडवून बाहेर काढत होते.

"हे निसर्गाचं पाणी. यात रसायन नाही, कारखाना नाही, कपट नाही. तुमची लादी आरशासारखी चमकते, मान्य. पण ती ज्या हातांनी पुसली जाते, त्या हातांत काय आहे? मी सांगणार नाही. पाणी सांगेल."

दादांनी ओल्या टॉवेलनं हात पुसून भांड्यात बुडवला. पाणी निळंच राहिलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी बुडवला. निळंच. मग दादांनी बोट केलं ते मागे उभ्या असलेल्या लिंबूमावशीकडे.

लिंबूमावशी अकरा वर्षं वकीलबाईंच्या आणि इमारतीतल्या आणखी चार घरी साफसफाई करत होती. बाजारातल्या झगझगीत बाटल्यांनी हातांना भेगा पडायला लागल्या, तेव्हापासून ती आपली औषधं आपणच करायची. लिंबाच्या साली बरणीत व्हिनेगरमध्ये मुरवून गाळलेलं पाणी नळांना, सोडा करपलेल्या भांड्यांना, रिठे नाजूक कपड्यांना. त्या बरणीमुळेच तिला हे नाव पडलं होतं. आताही ती वकीलबाईंची लादी पुसून, त्यांनी हाक मारली म्हणून तशीच खाली आली होती.

तिनं हात बुडवला. बोटांभोवती हिरवा धूर उठावा तसं झालं आणि बघता बघता अख्खं भांडं हिरवंगार झालं.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. दादांनी आपला पायघोळ सदरा आवरून दोन पावलं मागे घेतली.

"बाई, तुमचा दोष नाही," ते हळुवारपणे म्हणाले. "विष हातातच असतं. ते घरात उतरतं. मग डोकं दुखतं, झोप उडते, लेकरं किरकिरतात."

वकीलबाईंचं डोकं दोन महिने दुखत होतं. त्यांनी नातवाला जवळ ओढलं.

दादांनी भांड्यात 'अमृतबिंदू' टाकले. पाणी पुन्हा निळं झालं, मग जांभळं, मग गुलाबी. टाळ्या पडल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांत लिंबूमावशीच्या पाचही घरांचे लोक होते.

संध्याकाळी वकीलबाई दारातच म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण घरात लहान मूल आहे."

"अकरा वर्षांत विष कुठे दडलं होतं, बाई?"

"आता वाद नको."

आठवड्याभरात पाचही घरं सुटली. तिच्यासारख्या आणखी दोघींचीही सुटली. त्यांच्या जागी 'निर्मळ सेवा' लिहिलेले झगे घालून दादांनी नेमलेल्या बायका आल्या, सोबत दादांच्या बाटल्या आल्या. हे सगळं ती गिळून घेत होती. पण एका दुपारी तिनं सासूबाईंपुढे पाण्याचं भांडं धरलं आणि सासूबाई नजर चुकवत म्हणाल्या, "राहू दे, मी घेते माझं."

वीस वर्षं ती त्यांना हातानं पाणी देत आली होती. ती मोरीत गेली आणि दगडानं तळहात घासत बसली. कातडी सोलली तेव्हा थांबली. रडून झालं होतं. आता नुसता राग उरला होता, आणि तो स्वस्थ बसणारा राग नव्हता.

ती आठवायला लागली. त्या सभेच्या आदल्या दिवशी घरोघरी दादांची पुडी आली होती. 'शुद्धीचूर्ण'. सूचना अशी की उद्या सकाळी लादी यानंच पुसा, वर साधं पाणी फिरवू नका, कामवाल्या बाईला हात धुऊ देऊ नका, नाहीतर गुण निघून जातो. उरलेली पुडी अजून तिच्या पिशवीत होती. तिनं चिमूटभर पूड ओल्या बोटांत चोळली. बुळबुळीत. ही तर आयुष्यभराची ओळख निघाली. धुण्याचा सोडा.

आणि तो निळा रंग? कुंपणावर गोकर्णाचा वेल होता. लहानपणी त्या फुलांची शाई करून तिनं बहिणीचा फ्रॉक खराब केला होता. तिनं ओंजळभर फुलं आणून गरम पाण्यात टाकली. पाणी निळं झालं. धुतलेला हात बुडवला, निळंच. सोडा लावून बुडवला, हिरवं. लिंबू पिळलं, आधी निळं, मग जांभळं, मग गुलाबी.

लिंबू. ज्या लिंबावरून तिला नाव पडलं, तेच बाटलीत भरून तो माणूस अमृत म्हणून विकत होता. ती मोरीजवळ बसून एकटीच हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"आई, जरा इकडे या. हात द्या."

सासूबाई कुरकुरत आल्या. तिनं त्यांच्या हाताला पूड चोळली आणि नव्या निळ्या पाण्यात तो बुडवला. पाणी हिरवं झालं. म्हातारी आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्याही हातात..."

"सोडा."

"सोडा काय? त्या मेल्याला सोडायचं नाही."

मग त्यांनी सुनेचे सोललेले तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि उठून तेल आणलं.

पुढच्या रविवारी दादांची दुसरी सभा होती. सभागृहाच्या चाव्या रखवालदाराकडे असत. त्याच्या बायकोचंही काम दादांनीच घालवलं होतं. "फरशी पुसायला कुणीतरी हवंच," एवढंच म्हणून त्यानं कुलूप उघडलं. लिंबूमावशीनं फरशी पुसली, टेबल पुसलं. शेवटी सामानासोबत आधीच येऊन पडलेला दादांचा टॉवेल तिनं दादांच्याच पुडीच्या घट्ट पाण्यात भिजवला, हलका पिळला आणि नीट घडी घालून ताटलीत ठेवला.

सभा भरली. ती या वेळी पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या. दादांनी तिला पाहिलं आणि हात जोडले. "बघा, या ताईसुद्धा शुद्धीसाठी आल्या."

"आधी तुमची बघते, मग माझी," ती म्हणाली.

दादा हसले, टॉवेलनं दोन्ही हात सावकाश पुसले आणि बोलत बोलत हात भांड्यात घातला. "हे पाणी खोटं बोलत नाही, कारण निसर्ग..."

लोक त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. दादांनी खाली पाहिलं. मनगटापर्यंत हिरवं.

"पाण्यात काहीतरी दोष आलाय," दादा घाईनं म्हणाले.

"माझ्या वेळी दोष हातात होता," लिंबूमावशी म्हणाली. "तुमच्या वेळी पाण्यात गेला?"

मागून एकजण ओरडला, "याच्याच हातात विष आहे." खुर्च्या सरकल्या. कुणीतरी दादांचा सदरा धरला, दुसऱ्यानं कॉलर धरली. दादांचा मध कुठल्या कुठे गेला. "अहो, ऐका, ऐका" एवढंच तोंडातून येत होतं. लिंबूमावशी हात बांधून बघत राहिली. याच क्षणासाठी ती आठवडाभर जेवली-झोपली नव्हती. तिला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा.

पण मग तिनं लोकांचे डोळे पाहिले. हेच डोळे गेल्या खेपेला तिच्याकडे असेच वळले होते. त्यांना अजून काही कळलं नव्हतं, फक्त माणूस बदलला होता. आत्ता गप्प बसली तर दादा मार खाईल, पण हातातलं विष तसंच राहील, आणि उद्या दुसरा कुणी ते तिच्या हातात पुन्हा शोधून काढील.

"सोडा त्याला," ती उठून म्हणाली. "त्याच्या हातात विष नाही. कुणाच्याच हातात नाही. टॉवेलात सोडा आहे, मीच घातलाय."

तिनं फुलं दाखवली, पुडी दाखवली, सगळं पुन्हा करून दाखवलं. मग साध्या पाण्यानं हात खळखळून धुतले आणि नव्या निळ्या पाण्यात बुडवले. निळंच राहिलं.

"वकीलबाई, आता तुम्ही या."

"मी कशाला?"

"या. मी आले होते."

वकीलबाई आल्या. मावशीनं त्यांच्या हाताला पूड लावली. सगळ्यांसमोर, त्यांच्या नातवासमोर, त्यांच्या बोटांभोवती पाणी हिरवं झालं.

"कोर्टात तुम्ही साक्षीदाराला शंभर प्रश्न विचारता," मावशी म्हणाली. "माझ्या वेळी एकही सुचला नाही. 'मावशी, हात धुऊन परत बुडवा' एवढं म्हणाला असतात, तर खेळ तिथंच संपला असता."

वकीलबाई खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्यापासून या."

"तुमच्याकडे नाही येणार. लादी तुम्ही पुसा. सोड्यानंतर साधं पाणी फिरवायला विसरू नका."

दादा दरवाज्याकडे सरकत होते. तिथं रखवालदार उभा होता.

"पोलिसांना बोलावलंय. पण त्याआधी याला एक काम आहे," मावशी म्हणाली. "ज्या ज्या घरातून आम्हा बायकांना काढलं, त्या प्रत्येक घरी हा स्वतः बादली घेऊन चढेल. पूड लावून हात बुडवेल आणि काय केलं ते आपल्या तोंडानं सांगेल."

दादांनी लोकांकडे पाहिलं. कुणी वाट दिली नाही. त्यांनी बादली उचलली.

अकरा घरं झाली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पांढरा सदरा हिरव्या-निळ्या डागांनी भरला होता आणि आवाज बसला होता. "जोरात सांगा," रखवालदाराची बायको प्रत्येक दारात म्हणायची. "त्या दिवशी चांगलं ऐकू येत होतं."

शेवटच्या घरातल्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशीला विचारलं, "आम्ही शिकलेली माणसं. आम्हाला कसं कळलं नाही हो?"

"कळलं नाही याचं काही नाही, आजोबा," ती म्हणाली. "मलाही त्या दिवशी कळलं नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत, याचा राग आहे. कुणी पाण्याचा रंग बदलून दाखवला तर टाळ्या वाजवू नका. त्यात काय घातलं ते विचारा, आपल्या हातानं करून बघा. आणि तोवर कुणा बाईला दाराबाहेर काढू नका."