धुतलेली पानं

सत्यभामानं डबा उघडला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. आत्यानं धाडलेली सीताफळाची पानं लख्ख होती. धुऊन, पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. हिला हवी होती ती पानांवरची धूळ!

तिची आत्या छबुबाई धारूरच्या डोंगरातल्या बायकांच्या सीताफळ सोसायटीची अध्यक्ष. शेजारी खडी क्रशर आला आणि बाग सुकत चालली, अशी सोसायटीची तक्रार. क्रशरवाला म्हणे, बाग दुष्काळानं सुकते, धूळ काय, पाणी मारलं की जाते. सोमवारी तहसीलला सुनावणी होती. विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर सत्यभामाला मोठ्या मिनतवारीनं आजचा एकच दिवस मिळाला होता.

तिनं फोन लावला. "आत्या, पानं धुतलीस कावून?"

"मंग काय घाण धाडू विद्यापीठात? आपल्या घरची वस्तू हाय. प्यायच्या हंड्यातलं पानी घेतलं बाई, टँकर अजून आला न्हाई." बोलता बोलता छबुबाईला खोकल्याची उबळ आली. "उन्हाचा खोकला हाय. लई मनावर घेऊ नको."

सत्यभामा चरफडली, पण त्या हंड्याचं ऐकून तिचा राग विरला. मिळालेला दिवस वाया घालवायचा तरी कसा? तिनं पानांचे तुकडे वाळवले, चित्र स्पष्ट उमटावं म्हणून त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढवला आणि यंत्रात ठेवले.

पडद्यावर पानाची खालची बाजू उमटली. पान ज्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं, ती छिद्रं दगडाच्या भुकटीनं गच्च भरली होती. धुऊनसुद्धा. सत्यभामाला हसू फुटलं. क्रशरवाल्याच्या बोलण्याला यापेक्षा चोख उत्तर कुठून आणणार होती ती?

रविवारी गावी जाऊन तिनं ते चित्र आत्यापुढं ठेवलं, सोन्याच्या मुलाम्याचंही सांगितलं.

"दसऱ्याला आमी आपट्याच्या पानाला सोनं म्हनतो, तुमी तर खरंच चढवता की," छबुबाई हसली. मग तिनं चित्रावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"पानाचं नाक समज. धूळ आत बसलीय. धुऊन निघत न्हाई. उद्या हेच दाखवायचं."

छबुबाईनं चित्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. बाहेर क्रशर घरघरत होता. तिला खोकला आला, तसा तिनं पदर तोंडाशी धरला.

या खेपेला तिनं उन्हाचं नाव घेतलं नाही.